अमेरिकेची यादवी आणि धारवाडचा कापूस

हुबळी सोडून पूर्वेकडे नवलगुंद आणि गदग यांच्या वाटेला लागले म्हणजे काळ्या रानाचा अफाट पट्टा सुरू होतो. मैलच्या मैल झाड नाही, टेकडी नाही. पावसाळ्यात पाय रुतावा आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडाव्यात अशी ही कापसाची जमीन आहे. कन्नड भाषेत कापसाला ‘हत्ती’ म्हणतात. घाटावरून नवीन आलेल्या मराठी माणसाला ‘यंदा हत्ती चांगली आली’ हे वाक्य ऐकून क्षणभर हसू येते. या भागातील शेतकऱ्याने या हत्तीचे दोन भेद केले होते. एक ‘जवारी हत्ती’, म्हणजे पिढ्यान् पिढ्या पेरली जाणारी देशी कपाशी. आणि दुसरी ‘विलायती हत्ती’. या दुसऱ्या कपाशीचे बी अमेरिकेतून आले होते, आणि तिथल्या न्यू ऑर्लिन्स बंदराच्या नावाने ते ओळखले जाई.

शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, बियाणे बदलले, बाजार बदलले. पण त्या विलायती बियाच्या मागे जो इतिहास आहे तो विसरण्यासारखा नाही. तो इतिहास गुलामगिरीचा आहे आणि ती नाहीशी करण्यासाठी सांडलेल्या रक्ताचाही आहे. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत अमेरिकेत भाऊ भावावर उठला. आपल्या भाषेत अशा युद्धाला ‘यादवी’ म्हणतात. प्रभासक्षेत्री यादव कुळाने आपापसांत लढून आपला नाश करून घेतला, ती कथा या एका शब्दात साठवलेली आहे. अमेरिकेच्या यादवीत दोन्ही बाजू एकच भाषा बोलत होत्या, एकाच स्वातंत्र्ययुद्धाचा अभिमान बाळगत होत्या आणि एकाच धर्मग्रंथावर हात ठेवून प्रार्थना करीत होत्या. असे असता त्या एकमेकींच्या जिवावर का उठल्या, आणि त्यांच्या तोफांचा आवाज हुबळीच्या पेठेपर्यंत कसा पोहोचला, हे दोन प्रश्न एकत्र पाहण्याजोगे आहेत.

अमेरिकेने १७७६ साली आपल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सर्व माणसे जन्मतः समान असल्याची घोषणा केली. पण ती घोषणा झाली त्या दिवशीही तिथल्या सर्व वसाहतींत गुलाम होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून साखळदंडांत बांधून आणलेली माणसे बाजारात उभी करून विकली जात. १७८७ साली राज्यघटना तयार झाली तेव्हा तिच्यात ‘गुलाम’ हा शब्द कोठेही येऊ दिला नाही. मात्र प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब धरला गेला. ज्याला मत नाही, ज्याच्या देहावर स्वतःची मालकी नाही, त्याच्या संख्येचा लाभ त्याच्या धन्याला मिळाला. शब्द टाळला म्हणून वस्तू टळत नाही, हे पुढच्या पाऊणशे वर्षांत त्या देशाला कळून चुकले.

उत्तरेकडील संस्थानांनी एकामागून एक गुलामगिरी बंद केली. दक्षिणेतही ती हळूहळू ओसरेल अशी अनेकांची समजूत होती. तोच १७९३ साली एली व्हिटनी नावाच्या तरुणाने सरकी काढण्याचे यंत्र बनवले. अमेरिकेच्या आतल्या मुलखात पिकणाऱ्या कपाशीची सरकी रुईला घट्ट चिकटलेली असे. ती हाताने सोडवण्यात माणसाचा सारा दिवस खर्ची पडे. यंत्राने ते काम क्षणांवर आले. इंग्लंडमध्ये वाफेवर चालणाऱ्या गिरण्या कापसासाठी भुकेल्या होत्याच. दक्षिणेतील जमीनदारांनी जंगले तोडून मिसिसिपी नदीच्या खोऱ्यापर्यंत कपाशी नेली, आणि कपाशी तेथे गुलाम. कष्ट वाचवण्यासाठी निघालेल्या यंत्रानेच लक्षावधी माणसांच्या कष्टांची साखळी अधिक घट्ट केली. १७९० च्या शिरगणतीत अमेरिकेत सुमारे ७ लक्ष गुलाम होते. १८६० साली ती संख्या ४० लक्षांच्या घरात गेली. देशाची एकूण लोकसंख्या तेव्हा ३ कोटी १४ लक्ष होती. परदेशातून गुलाम आणण्यावर १८०८ पासून बंदी होती. म्हणजे ही वाढ बहुतेक देशातल्या देशात जन्मलेल्या मुलांची होती. गुलाम आईच्या पोटी आलेले मूल पाळण्यातच धन्याच्या मालमत्तेत जमा होई, आणि पुढे जरुरीप्रमाणे आईपासून तोडून विकले जाई.

भांडण पेटले ते नव्या प्रदेशांवरून. देश पश्चिमेकडे वाढत होता. नव्याने सामील होणारे प्रत्येक संस्थान गुलामांचे की मुक्तांचे, हा प्रश्न दर वेळी उभा राही. कारण वरिष्ठ सभागृहात प्रत्येक संस्थानाला दोन जागा होत्या आणि तराजूचे पारडे त्यावर हलत होते. १८२० साली मिसूरीच्या वेळी नकाशावर एक रेषा ओढून तडजोड करण्यात आली. १८५० साली दुसरी तडजोड झाली. तिच्यात पळून गेलेल्या गुलामाला पकडून देण्याचे कर्तव्य उत्तरेतील लोकांवरही लादण्यात आले. ज्या बोस्टनच्या नागरिकाने गुलाम कधी ठेवला नव्हता, त्याच्या दारातून आता एखाद्या माणसाला बेड्या घालून परत नेले जाऊ लागले. तोपर्यंत जी गोष्ट दूर दक्षिणेत घडत होती ती रस्त्यावर डोळ्यांसमोर घडू लागली. हॅरिएट बीचर स्टो या लेखिकेची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी १८५२ साली पुस्तकरूपाने आली आणि घरोघर वाचली गेली. स्वतः गुलामीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी आपल्या वाणीने आणि वृत्तपत्राने लोकांची झोप उडवली.

१८५४ साली कॅन्सस आणि नेब्रास्का या प्रदेशांचा निर्णय तेथील रहिवाशांवर सोपवण्यात आला आणि मिसूरीची रेषा पुसली गेली. परिणाम असा झाला की दोन्ही पक्षांचे लोक बंदुका घेऊन कॅन्ससमध्ये शिरले. १८५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाच्या दाव्यात निकाल दिला की काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही आणि संसदेला नव्या प्रदेशांत गुलामगिरी बंद करण्याचा अधिकारच नाही. १८५९ च्या ऑक्टोबरात जॉन ब्राऊन या कडव्या गोऱ्या गृहस्थाने गुलामांना शस्त्रे देण्यासाठी हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारावर छापा घातला. तो पकडला गेला आणि डिसेंबरात फासावर गेला. उत्तरेत अनेकांनी त्याला हुतात्मा मानले. दक्षिणेत त्याच्या नावाने लोकांचा थरकाप झाला. तडजोडीची भाषा बोलणाऱ्याला आता दोन्हीकडे जागा उरली नाही.

१८६० च्या नोव्हेंबरात अब्राहम लिंकन अध्यक्ष म्हणून निवडून आले. जेथे गुलामगिरी आहे तेथे तिला हात लावण्याचे वचन त्यांनी दिले नव्हते. ती पसरू द्यावयाची नाही एवढेच त्यांच्या पक्षाचे म्हणणे होते. पण तेवढेही दक्षिणेला सोसले नाही. २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलिनाने फुटून निघण्याचा ठराव केला. तिच्यामागून इतर संस्थाने गेली आणि शेवटी ११ संस्थानांचा वेगळा संघ झाला. जेफर्सन डेव्हिस त्याचे अध्यक्ष झाले.

हे युद्ध संस्थानांच्या हक्कांसाठी झाले, जकातीसाठी झाले, असे पुढे पुष्कळ लिहिले गेले. पराभूत पक्षाच्या वारसांनी तर त्याभोवती एक हळवी दंतकथाच विणली. पण फुटून निघताना त्या संस्थानांनी स्वतः जे जाहीरनामे काढले ते आजही वाचावयास मिळतात, आणि त्यांत गुलामांच्या मालकीचा विषय पहिल्या ओळींपासून आहे. त्या संघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी १८६१ च्या मार्चमध्ये उघड भाषणात सांगून टाकले की, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि दास्य हीच त्याची स्वाभाविक स्थिती आहे, या तत्त्वावर आमच्या राज्याचा पाया घातलेला आहे. हक्क हवा होता हे खरे. पण तो माणसाला विकण्याचा हक्क होता.

१२ एप्रिल १८६१ रोजी पहाटे चार्ल्सटन बंदरातील फोर्ट समटर या किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा सुटल्या. युद्ध तीन महिन्यांत आटोपेल असे दोन्हीकडच्या लोकांना वाटत होते. जुलै महिन्यात बुल रन येथे पहिली मोठी लढाई झाली, तेव्हा राजधानीतील काही मंडळी गाड्यांतून फराळाचे डबे घेऊन ती पाहावयास गेली होती. संध्याकाळी पळणाऱ्या फौजेच्या गर्दीत सापडून ती कशीबशी परतली. उत्तरेकडे माणसे, कारखाने आणि रेल्वे अधिक होत्या. दक्षिणेकडे रॉबर्ट ली यांच्यासारखे कसलेले सेनापती होते आणि आपल्या मुलखात लढण्याचा फायदा होता. १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटिएटमच्या लढाईत एका दिवसात मृत, जखमी व बेपत्ता मिळून सुमारे २३ हजार माणसे कामास आली.

त्या लढाईनंतर लिंकन यांनी जे पाऊल उचलले त्याने युद्धाचा अर्थ बदलला. १ जानेवारी १८६३ पासून बंडखोर मुलखातील सर्व गुलाम मुक्त समजावेत असा त्यांनी जाहीरनामा काढला. ज्या सीमेवरील संस्थानांनी संघराज्य सोडले नव्हते तेथील गुलामांना तो लागू नव्हता, हे त्याचे अपुरेपण होय. तथापि लिंकन यांच्या सहीची वाट न पाहता हजारो गुलाम आधीपासूनच मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांकडे चालत निघाले होते. त्यांच्या पायांनी राजकारण्यांना पुढे रेटले. पुढे सुमारे १ लक्ष ८० हजार काळे सैनिक संघराज्याच्या लष्करात लढले. स्वातंत्र्य त्यांना कोणी दान दिले नाही.

१८६३ च्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात पारडे फिरले. गेटिसबर्ग येथे तीन दिवसांच्या घनघोर लढाईनंतर ली यांना माघार घ्यावी लागली, आणि दुसऱ्याच दिवशी युलिसिस ग्रँट यांनी मिसिसिपीवरील व्हिक्सबर्ग घेतले. दक्षिणेचे दोन तुकडे झाले. १८६४ साली शेर्मन यांनी अटलांटा जिंकून समुद्रापर्यंत मुलूख उद्ध्वस्त करीत कूच केले. ९ एप्रिल १८६५ रोजी ली शरण आले. पाच दिवसांनी लिंकन यांच्यावर नाट्यगृहात गोळी झाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा अंत झाला. डिसेंबरात घटनेची तेरावी दुरुस्ती संमत झाली. तिच्यात ‘गुलामगिरी’ हा शब्द घटनेत पहिल्यांदा आला, तो ती रद्द करण्यासाठी. या युद्धातील मृतांचा आकडा दीर्घकाळ ६ लक्ष २० हजार मानला जाई. अलीकडील संशोधक तो ७ लक्षांच्या आसपास नेतात.

आता दुसरा प्रश्न. युद्ध सुरू होताच लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा सुमारे तीन-चतुर्थांश हिस्सा या बंदरांतून येत असे. कापूस बंद केला की इंग्लंड गुडघे टेकेल आणि आपल्या मदतीला येईल, असा दक्षिणेच्या पुढाऱ्यांचा हिशेब होता. लँकेशायरमध्ये गिरण्या थंडावल्या. १८६२ च्या अखेरीस जवळजवळ ५ लक्ष माणसे मदतीच्या अन्नावर जगत होती. पण त्या उपाशी कामगारांनी जे केले ते इतिहासात कोरून ठेवण्याजोगे आहे. ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र पाठवले. नाकेबंदी मोडा असे न म्हणता गुलामगिरी मोडा असे त्यांनी म्हटले. लिंकन यांनी त्यांना जानेवारीत उत्तर पाठवून कृतज्ञता व्यक्त केली.

गिरणीमालक मात्र दुसरीकडे कापूस शोधत होते, आणि त्यांची नजर हिंदुस्थानावर, विशेषतः धारवाडवर पडली. याला वीस वर्षांची पूर्वतयारी होती. १८४० साली ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेच्या दक्षिण भागातून कपाशीचे जाणते मळेवाले पगार देऊन आणले होते. त्यांच्यापैकी मर्सर नावाचा गृहस्थ धारवाड जिल्ह्यात आला आणि हुबळीजवळ कुसुगल येथे प्रयोगाचे शेत निघाले. धारवाडचे कलेक्टर शॉ यांनी अमेरिकन बियाणे शेतकऱ्यांत वाटले. इतर ठिकाणी हे प्रयोग फसले. धारवाडच्या काळ्या मातीत आणि दोन्ही पावसांच्या हवेत ते बी रुजले. गंमत अशी की, मर्सरने काही वर्षांतच सरकारला कळवले, सरकारी शेतांवरचा हा खर्च व्यर्थ आहे. अमेरिकन पद्धत या देशाला मानवणारी नाही आणि इथला शेतकरी कोणत्याही युरोपियनापेक्षा स्वस्तात व चांगली शेती करतो. गुलामांच्या मळ्यांच्या मुलखातून आलेल्या माणसाने मुक्त कुणब्याला दिलेली ही पावती होती.

विलायती कपाशीची सरकी देशी लाटणीने सुटत नसे. म्हणून करवतीच्या दात्यांची यंत्रे आली आणि धारवाडात ती तयार व दुरुस्त करण्याचा सरकारी कारखाना चालला. डॉक्टर फोर्ब्स हे त्याचे प्रमुख होते. पुढे ते मुंबई इलाख्याचे कापूस आयुक्त झाले. असा तयार माल, अशी ओळखीची जात आणि असा तुटवडा! युद्धाच्या काळात लिव्हरपूलच्या बाजारात कापसाचा भाव सुमारे चौपट झाला. हिंदुस्थानातून इंग्लंडला जाणारा कापूस दुपटीहून अधिक वाढला. धारवाडच्या शेतकऱ्याने जोंधळ्याचे रान मोडून कपाशी पेरली.

माल बंदरावर पोहोचवणे ही मोठी अडचण होती. रेल्वे हुबळीला यावयास अजून वीस वर्षे अवकाश होता. बैलगाड्यांचे तांडे सह्याद्रीचा घाट उतरून कुमठा बंदराला जात. म्हणूनच धारवाडचा देशी कापूस व्यापारात ‘कुमठा’ या नावाने ओळखला गेला. पावसाळ्यात तो मार्ग बंद पडे. मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी कारवार बंदराचा आग्रह धरला, आणि कापसाच्या या व्यापाराच्या दृष्टीने १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यास जोडण्यात आला. कारवारहून घाट चढून येल्लापूरमार्गे हुबळीकडे येणारा रस्ता बांधण्यास गती मिळाली ती याच काळात. दूरच्या देशातील युद्धाने इथल्या जिल्ह्याची सरहद्द बदलली.

पैसा आला तशी लबाडीही आली. विलायतीत जवारी मिसळणे, गासडीत सरकी, माती, पाणी घालून वजन वाढवणे हे प्रकार इतके बोकाळले की १८६३ साली मुंबई सरकारला कापसातील लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. मुंबई शहरात तर सोन्याचा पूर आला. युद्धाच्या वर्षांत नेहमीच्या भावाने मिळाले असते त्याहून ७ ते ८ कोटी पौंड अधिक मुंबईकडे आले, असा हिशेब त्या काळच्या लोकांनी मांडला आहे. बँका निघाल्या, समुद्र हटवण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅक बेच्या शेअरची किंमत मूळ रकमेच्या कित्येक पटींनी चढली. प्रेमचंद रायचंद हे या सट्ट्याचे सम्राट होते. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा त्यांच्याच देणगीतून उभा राहिला.

१८६५ च्या वसंतात ली शरण आल्याची बातमी आली आणि कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्यांचा दिवस मुंबईच्या व्यापारी जगाला काळा दिवस ठरला. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. बँक ऑफ बॉम्बे पुढे १८६८ साली गुंडाळावी लागली. जगातील एका मोठ्या अन्यायाचा अंत झाला, त्याच क्षणी मुंबईच्या पेढ्यांत रडारड सुरू झाली. त्या रडणाऱ्यांत कोणी दुष्ट होता असे नाही. पण आपल्या नफ्याचा पाया कोणाच्या रक्तावर आहे, हा प्रश्न तेजीच्या दिवसांत फारशा कोणाला पडला नव्हता, हेही खरे.

शहर सावरले, खेड्याला सावरणे जड गेले. तेजीत शेतकऱ्याच्या घरी चांदी आली, लग्ने थाटाची झाली, बैलांच्या जोड्या घेतल्या गेल्या. आणि पत वाढली म्हणून सावकाराने हात सैल सोडला. भाव पडल्यावर कर्ज मात्र तेवढेच राहिले. १८७० च्या दशकात तीस वर्षांची मुदत संपलेल्या तालुक्यांत सारा वाढवून बांधण्यात आला. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ च्या मे महिन्यापासून शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ आला, आणि धारवाड जिल्हा त्यात होरपळून निघाला. कापूस खाता येत नाही, हे काळ्या रानाने तेव्हा पुन्हा एकदा शिकवले.

आणि तिकडे अमेरिकेत? मुक्त झालेल्या माणसाला जमीन मिळाली नाही. त्याच मळ्यावर, त्याच धन्याच्या उधारीवर, अर्ध्या वाट्याने तो कापूस पिकवू लागला. १८७७ साली उत्तरेच्या फौजा दक्षिणेतून निघाल्यावर त्याचा मताचा हक्क कायद्याच्या पळवाटांनी आणि दहशतीने हिरावला गेला. तो परत मिळवण्यास १९६४ आणि १९६५ चे कायदे यावे लागले. साखळी तुटली तरी कर्जाची दोरी राहते. मिसिसिपीचा वाटेकरी आणि नवलगुंदचा कुणबी यांना एकमेकांचे नाव ठाऊक नसले, तरी सावकाराच्या वहीतला हिशेब दोघांनाही सारखाच कळत होता.

ही सर्व दूरची गोष्ट वाटत असेल तर कलघटगीच्या पलीकडे, हल्ल्याळ, येल्लापूर आणि मुंडगोडच्या रानात जावे. तेथे सिद्दी लोकांच्या वाड्या आहेत. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले होते. पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्यात विकले गेलेले आणि तेथून पळून या अरण्यांत आश्रयास आलेले गुलाम त्यांच्यांत बरेच होते, असे इतिहासकार मानतात. त्यांच्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. कोकणी-मराठीच्या वळणाची बोली ते घरी बोलतात. गोव्याच्या घरांत प्रार्थनेची घंटा वाजे त्याच वेळी स्वयंपाकघरात विकत घेतलेला माणूस राबत असे, ही गोष्ट ख्रिस्ती माणसाने मान खाली घालून कबूल केली पाहिजे. इंग्रजी मुलखात १८४३ च्या कायद्याने गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. पोर्तुगालने आपल्या साम्राज्यात ती रद्द केली १८६९ साली, लिंकन यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातींच्या यादीत जागा मिळाली २००३ साली. धारवाड व बेळगावच्या सिद्दींना त्याहूनही उशिरा, २०२० साली. त्याच वर्षी शांताराम सिद्दी हे कर्नाटकाच्या विधान परिषदेवर गेले. गुलामीचा कायदा एका सहीने रद्द होतो. तिची सावली उतरण्यास शतके लागतात.

अमेरिकेच्या यादवीचा खरा अर्थ ओळखणारा एक मराठी माणूस त्या काळी पुण्यात होता. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा ते अमेरिकेतील सदाचारी लोकांना, त्यांनी काळ्या गुलामांना दास्यातून मुक्त केले या कार्याच्या गौरवार्थ, अर्पण केले. मुंबईचे व्यापारी त्या युद्धातून भाव शिकले; जोतीरावांनी त्यातून न्याय शिकला, आणि तोच दिवा आपल्या घरातील अंधाराकडे वळवला. बेड्या लोखंडाच्याच असतात असे नाही, जन्माच्याही असतात, हे त्यांना दिसले.

कुसुगलच्या त्या शेतावर आज कोणी मर्सरचे नाव घेत नाही. धारवाडच्या संशोधकांनी पुढे स्वतःची वाणे तयार केली; १९७२ साली कटारकी यांनी येथे सिद्ध केलेल्या ‘वरलक्ष्मी’ या संकरित कपाशीने देशभर नाव मिळवले. परदेशी बियाची भीक मागण्याचे दिवस संपले. पण बियाण्याच्या संकराच्या याच कामात पुढे अनेक ठिकाणी लहान मुलांचे हात राबवले गेले, हेही वृत्तपत्रांच्या वाचकांना ठाऊक आहे. म्हणून दीडशे वर्षांपूर्वी मँचेस्टरच्या उपाशी कामगारांनी स्वतःला विचारलेला प्रश्न जुना झालेला नाही. हा कापूस कोणी वेचला, आणि त्याला काय मिळाले? त्यांनी तो रिकाम्या पोटी विचारला होता. भरल्या पोटाने तो विचारणे त्यामानाने सोपे असावे.